आमरस, मध, सफरचंद आणि फुगणारं पोट : फ्रुक्टोज सोसत नसेल तर काय करायचं, पायरीपायरीने

मे महिन्यात आमरस-पुरीचं जेवण झालं आणि दुपारी पोट डब्ब झालं, गुडगुडायला लागलं, संध्याकाळपर्यंत दोनदा पळावं लागलं की घरात निदान तयारच असतं, ‘आंबा उष्ण पडला’. मग थोडं तूप घे, आंबे अजून थोडा वेळ पाण्यात ठेवा, वगैरे. पाण्यात ठेवायला काहीच हरकत नाही, पण काही लोकांच्या बाबतीत खरं कारण आंब्यातल्या साखरेचं असतं, फ्रुक्टोजचं. त्याच लोकांना सफरचंद खाल्लं तरी हाच त्रास होतो, सकाळी कोमट पाण्यात मध घेतला तरी होतो, कलिंगडाच्या मोठ्या वाटीनंतर तर हमखास. पण ही सगळी ‘हेल्दी’ मंडळी असल्यामुळे संशय त्यांच्यावर जात नाही, तो जातो बिचाऱ्या भातावर नाहीतर बटाट्यावर.

हा लेख अशा लोकांसाठी आहे. माझं मत आधीच सांगते म्हणजे पुढचं वाचताना लक्षात राहील: फ्रुक्टोज न सोसणाऱ्या बहुतेकांना फळं आयुष्यभर सोडायची गरज नसते, त्यांना आपली मात्रा शोधायची गरज असते. आणि ती शोधायची एक ठरलेली पद्धत आहे. घाईघाईत अर्धं स्वयंपाकघर बंद करून टाकणारे लोक मी बरेच बघितलेत, त्यांचं पोट थोडं बरं होतं पण खाण्याची भीती बसते आणि वजन उतरतं ते वेगळंच.

पण पद्धतीच्या आधी एक महत्त्वाची गोष्ट, ती अजिबात वगळू नका.

दोन वेगळे आजार, नाव मात्र जवळपास एकच

‘फ्रुक्टोज इनटॉलरन्स’ म्हणून शोधलं की दोन पूर्ण वेगळ्या गोष्टींची माहिती एकत्र येते आणि गोंधळ तिथेच सुरू होतो.

पहिली गोष्ट म्हणजे फ्रुक्टोज नीट शोषलं न जाणं, डॉक्टर याला फ्रुक्टोज मालअॅब्सॉर्प्शन म्हणतात. हा आतड्याचा मामला आहे. त्रास होतो, लाज वाटते, ऑफिसच्या मीटिंगमध्ये पोट आवाज करतं, पण जिवाला धोका नसतो. बहुतेक मोठ्या माणसांचं प्रकरण हेच असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे आनुवंशिक फ्रुक्टोज इनटॉलरन्स. हा जन्मजात आजार आहे, लिव्हरमधलं अल्डोलेज-बी नावाचं एन्झाइम काम करत नाही. युरोपातल्या अभ्यासांवरून साधारण २० हजारांत एक असं प्रमाण सांगतात. यात फ्रुक्टोज शोषलं जातं व्यवस्थित, पण पुढे लिव्हरमध्ये ते अर्धवट अवस्थेत अडकून साचतं, पेशीतला फॉस्फेटचा साठा त्यातच गुंतून पडतो, लिव्हरचं साखर सोडण्याचं काम बंद पडतं आणि रक्तातली साखर एकदम खाली येते. बाळ फक्त आईच्या दुधावर असतं तोवर ठणठणीत असतं कारण दुधातल्या साखरेत फ्रुक्टोज नसतंच, आणि वरचं अन्न सुरू झालं, फळाचा गर, साखर घातलेली खीर किंवा गुळाचं पाणी दिलं की उलट्या, घाम, निस्तेजपणा, सुस्ती, कधी कावीळ, पोट मोठं दिसणं, वजन न वाढणं असं सुरू होतं. यात साधी साखर आणि गूळसुद्धा बंद असतात आणि अगदी थोडं चालतं का वगैरे प्रयोग घरी करायचे नसतात.

त्यामुळे बाळाला किंवा लहान मुलाला असं काही होत असेल, किंवा मोठ्या माणसालाही लहानपणापासून गोड नकोसंच वाटत आलंय, गोड खाल्लं की मळमळ, घाम, थरथर होते आणि दात मात्र एकही किडलेला नाही (हे खरंच या आजाराचं एक जुनं ओळखीचं लक्षण आहे), तर खालच्या पायऱ्या करू नका. सरळ डॉक्टरांकडे जा. फ्रुक्टोज पाजून करायची श्वासाची चाचणीसुद्धा अशा माणसावर करायची नसते, ती धोकादायक ठरू शकते. या आजाराबद्दल शेवटी वेगळं लिहिलंय.

आता बाकीच्यांकडे वळू.

पोटात नेमकं काय होतं

लहान आतड्याच्या भिंतीत फ्रुक्टोज आत घेणारी एक वाहक यंत्रणा असते, ग्लूट-५ नावाची. ती प्रत्येकाची कमी-जास्त असते. एसटी स्टँडवर एकच खिडकी उघडी आणि रांग मोठी, असं झालं की उरलेले लोक पुढे सरकणारच, तसं न शोषलेलं फ्रुक्टोज मोठ्या आतड्यात जातं. तिथे दोन गोष्टी होतात. एक तर ते आपल्याबरोबर पाणी ओढून घेतं, म्हणून शौचाला पातळ होतं, आणि दुसरं म्हणजे तिथले जिवाणू त्याच्यावर तुटून पडतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेन असे वायू तयार करतात. मग फुगणं, मुरडा, वारा सरणं हे सगळं आलंच.

यात एक सोयीची गोष्ट आहे. सोबत ग्लुकोज असेल तर फ्रुक्टोज जास्त चांगलं शोषलं जातं. म्हणून एखाद्या पदार्थात फ्रुक्टोज किती आहे एवढंच बघून चालत नाही, ग्लुकोजपेक्षा किती जास्त आहे तेही बघावं लागतं. सफरचंदात १०० ग्रॅमला साधारण ५.९ ग्रॅम फ्रुक्टोज आणि २.४ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे साडेतीन ग्रॅम फ्रुक्टोज सोबतीशिवाय. केळ्यात दोन्ही जवळपास सारखे, पाच-पाच ग्रॅमच्या आसपास. म्हणून एकाच माणसाला केळं चालतं आणि सफरचंद चालत नाही, आणि घरचे म्हणतात तुझी नाटकं आहेत.

साधी साखर म्हणजे अर्धं ग्लुकोज, अर्धं फ्रुक्टोज. जोडी बरोबर येते, म्हणून मालअॅब्सॉर्प्शन असलेल्या माणसाला चहातली साखर, बेताचा शिरा, एखादी गुळाची पोळी (गव्हाचा विषय वेगळा) सहसा चालून जातं. उलट मध, ज्याला सगळे साखरेपेक्षा बरा समजतात, त्यात फ्रुक्टोज साधारण ४१ टक्के आणि ग्लुकोज ३६ टक्के, म्हणजे पारडं तिकडे झुकलेलं. या बाबतीत साखरच बरी. आणि अगावे सिरप नावाचं जे महागडं प्रकरण ‘नॅचरल’ म्हणून मिळतं त्यात तर फ्रुक्टोजचाच भरणा असतो, त्याच्या वाटेला जाऊ नका.

पण जोडी बरोबर आहे म्हणून कितीही खा असंही नाही. खजूर, अंजीर, मनुका यांच्यात दोन्ही साखरा जवळपास सारख्या असल्या तरी १०० ग्रॅम मनुकांत जवळजवळ ३० ग्रॅम फ्रुक्टोज असतं, म्हणजे एकूण ओझंच इतकं की खिडकी तुंबते. ‘शुगर फ्री’ म्हणून विकले जाणारे खजुराचे लाडू खाऊन पोट बिघडलं तर नवल वाटायला नको. हे एक लक्षात ठेवा, जास्तीचं फ्रुक्टोज आणि एकूण ओझं, दोन्ही मोजायचं.

आता आमरसाचा हिशोब. आंब्यात १०० ग्रॅमला सरासरी ४.७ ग्रॅम फ्रुक्टोज, २ ग्रॅम ग्लुकोज आणि ७ ग्रॅमच्या आसपास साधी साखर (हापूस, पायरी, केसर, पिकण्याची अवस्था यांनुसार हे बदलतं). २०० ग्रॅमची भरलेली वाटी धरली तर सुटं फ्रुक्टोज नऊ-साडेनऊ ग्रॅम, ग्लुकोज चार. सोबतीशिवायचं फ्रुक्टोज पाच ग्रॅमच्या वर, शिवाय साखरेतून आणखी सात. आणि आपल्याकडे एका वाटीवर थांबतो कोण, आग्रह असतो. दोन वाट्या झाल्या की एकूण फ्रुक्टोज तीस ग्रॅमच्या वर जातं. श्वासाच्या चाचणीत पेशंटला पाजतात ते २५ ग्रॅम! म्हणजे आपण दर रविवारी घरीच चाचणी करत असतो. तेच दोन-तीन फोडी आंबा जेवणासोबत खाल्ला तर बऱ्याच जणांना काही होत नाही.

पायरी १ : आधी दुसरं काही नाही ना ते बघा

हा कंटाळवाणा भाग आहे पण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. वजन आपोआप उतरतंय, शौचातून रक्त जातंय, रात्री झोपेतून उठून जुलाबाला जावं लागतंय, ताप आहे, हिमोग्लोबिन कमी आलंय, किंवा पन्नाशीनंतर त्रास नव्यानेच सुरू झालाय, यातलं काहीही असेल तर डाएट बिएट नंतर, आधी पोटाच्या डॉक्टरांकडे.

दुसरं, पायरी ४ मध्ये गहू बंद करण्याआधी सिलिअॅकची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा आतड्याचा आजार) रक्तचाचणी करून घ्या. गहू बंद केल्यावर केली तर ती निगेटिव्ह येऊ शकते आणि मग पुन्हा काही आठवडे गहू खाऊन चाचणी करायची वेळ येते, लोक वैतागतात. तिसरं, दूध. आपल्याकडे मोठ्या वयात दुधातली साखर, लॅक्टोज, न पचणारे खूप लोक आहेत. मँगो मिल्कशेक पिऊन पोट बिघडलं तर दोषी कोण, आंबा की दूध, हे त्या एका ग्लासावरून कधीच कळणार नाही.

हायड्रोजनची श्वासचाचणी मोठ्या शहरांत पोटविकाराच्या काही विभागांत होते, तालुक्याच्या गावी सहसा मिळत नाही. आदल्या दिवशी साधा पांढरा भात वगैरे कमी चोथ्याचं जेवण, रात्रभर उपाशी, सकाळी २५ ग्रॅम फ्रुक्टोज पाण्यातून पाजतात आणि ठरावीक वेळाने तीन तासांपर्यंत फुंकायला लावतात. श्वासातला हायड्रोजन सुरुवातीपेक्षा दहा लाखांत २० भाग किंवा जास्त वाढला तर पॉझिटिव्ह. चार आठवड्यांत अँटिबायोटिक घेतलं असेल तर आधी सांगा, निकाल चुकतो. आणि हेही माहीत असू द्या की काहीही त्रास नसलेल्या माणसांचीही ही चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते, लहान आतड्यात जिवाणू वाढलेले असतील तरी येऊ शकते. म्हणून माझ्या मते चाचणी मिळाली तर ठीक, नाही मिळाली तर पुढच्या पायऱ्या नीट केल्या तरी उत्तर मिळतं.

पायरी २ : आठवडाभर फक्त लिहा

काही बदलू नका, नेहमीचं खा आणि लिहा. मोबाइलच्या नोट्समध्ये लिहा, डायरीत लिहा, पण वेळेसकट लिहा कारण सगळी गंमत वेळेत आहे. न शोषलेली साखर मोठ्या आतड्यात पोचायला वेळ लागतो, म्हणून त्रास अर्ध्या तासातही होतो आणि तीन-चार तासांनीही होतो, आणि आपण मात्र शेवटी खाल्लेल्या पदार्थाला धरतो. एक नोंद साधारण अशी दिसेल:

‘सकाळी ८ – चहा, साखर एक चमचा, पोहे (कांदा भरपूर). ११ – एक मोठं सफरचंद. १ – पोळी-भाजी, वरण-भात, ताक. दीडला पोट फुगलं, ३ वाजता मुरडा, पातळ.’

हे बघून माणूस वरणाला नाव ठेवेल. पण सफरचंद ११ ला होतं आणि त्याआधी कांदा. आठवड्याभरात असा प्रकार दोन-तीनदा दिसला की संशयितांची यादी आपोआप तयार होते. औषधंही लिहा. खोकल्याची सिरपं, अँटासिडची पातळ औषधं, यांत सॉर्बिटॉल (साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते, पुढच्या पायरीत बघू) असू शकतं. च्युइंगम, मिंट, ‘शुगर फ्री’ चॉकलेट हेही लिहा.

पायरी ३ : लेबल वाचायला शिका

बिस्किटाचा पुडा उलटा करा. घटकांच्या यादीत ‘इन्व्हर्ट सिरप’ किंवा ‘इन्व्हर्ट शुगर सिरप’ दिसेल, आपल्याकडच्या बऱ्याच बिस्किटांत असतं. घाबरू नका, ती साखर फोडून केलेली ग्लुकोज-फ्रुक्टोजची जवळपास समसमान जोडी असते, दोन-चार बिस्किटांनी सहसा बिघडत नाही. ‘हाय फ्रुक्टोज कॉर्न सिरप’, ‘फ्रुक्टोज’, ‘फ्रूट ज्यूस कॉन्सन्ट्रेट’ (सफरचंदाचं असेल तर विशेष), ‘हनी’ हे दिसलं तर मात्र ठेवून द्या. अमेरिकेत, कॅनडात राहणाऱ्या मराठी मंडळींनी हे जास्तच बघावं, तिथे सॉस, ब्रेड, दही, कशातही गोड सिरप सापडतं.

आणि आकडे पाठ करा: ४२० म्हणजे सॉर्बिटॉल, ४२१ मॅनिटॉल, ९५३ आयसोमाल्ट, ९६५ माल्टिटॉल, ९६७ झायलिटॉल. सॉर्बिटॉल फ्रुक्टोजचं शोषण आणखी बिघडवतो, म्हणून सफरचंद आणि नासपती दुहेरी मारतात, त्यांच्यात दोन्ही असतं. डायबेटिसवाल्यांच्या मिठाईत आणि बिस्किटांत हे आकडे हमखास बघा. स्टीव्हिया, सुक्रॅलोज यांनी या बाबतीत अडचण नसते.

पायरी ४ : दोन ते चार आठवडे कमी करा

ही पायरी तात्पुरती आहे हे फ्रिजवर लिहून चिकटवा. मेलबर्नच्या मोनॅश युनिव्हर्सिटीतल्या पीटर गिब्सन आणि स्यू शेपर्ड यांनी २००५ मध्ये फॉडमॅप (नीट न शोषल्या जाणाऱ्या आणि आतड्यात आंबणाऱ्या साखरांचा गट) ही कल्पना मांडली, तिची पद्धत हीच, आधी कमी करायचं, मग एकेक परत आणून बघायचं, मग आपला कायमचा आहार ठरवायचा. लोक पहिल्याच टप्प्यात अडकतात.

या काळात काय बाजूला ठेवायचं: मध, आंबा, सफरचंद, नासपती, कलिंगड, फळांचे रस, सुका मेवा (खजूर-अंजीर-मनुका), सॉर्बिटॉलवाले पदार्थ. द्राक्षं, चिकू, सीताफळ, फणस यांची परीक्षा नंतर, ती खाताना हात थांबत नाही आणि मात्रा कळत नाही. शहाळ्याचं पाणी मोठा नग भरून प्यायची सवय असेल तर तेही थांबवा, त्यातही सॉर्बिटॉल असतो.

फळं काय खायची: न डागाळलेलं पिवळं केळं, पपई, संत्रं, मोसंबी, अननस, चांगला पिकलेला पेरू (कच्चा नको), थोडे डाळिंबाचे दाणे, महाबळेश्वरहून आलेल्या स्ट्रॉबेरी असतील तर चार-पाच. एका वेळी एकच फळ आणि मुठीत मावेल एवढंच, पुन्हा खायचं तर तीन-चार तासांनी. ‘मिक्स फ्रूट’ची मोठी प्लेट हा या दिवसांत शत्रू समजा.

आता कांदा-लसूण. यांत असतात फ्रुक्टॅन, म्हणजे फ्रुक्टोजच्या साखळ्या, गव्हातही असतात. त्या तोडणारं एन्झाइम कोणाच्याच शरीरात नसतं, त्यामुळे शास्त्र म्हणून हा वेगळा विषय आहे, पण फ्रुक्टोजचा त्रास असलेल्यांपैकी अनेकांना कांद्याचाही होतो. म्हणून एवढे आठवडे तोही बंद ठेवला तर चित्र स्वच्छ दिसतं. आणि इथे मराठी स्वयंपाकघराला एक फायदा आहे. आपल्याकडे नैवेद्याचा आणि चातुर्मासाचा कांदा-लसणाशिवायचा पूर्ण स्वयंपाक आधीच तयार आहे, आज्जीला विचारा. भात, मुगाचं पातळ वरण, तूप-लिंबू, बटाट्याची पिवळी भाजी, काकडीची कोशिंबीर, हिंग-जिऱ्याची फोडणी. वांगी, गाजर, फरसबी, पालक, मेथी, सगळं गोडा मसाला आणि ओल्या खोबऱ्यात होतं (पण बाजारी मसाला घेताना कांदा-लसूण पावडर नाही ना बघा, आणि ‘कांदा-लसूण मसाला’ तर नावातच आला). लसणाचा वास हवाच असेल तर अख्ख्या पाकळ्या तेलात तळून काढून टाका, फ्रुक्टॅन तेलात उतरत नाहीत, वास उतरतो. फक्त हे तेलातच करायचं, आमटीत पाकळ्या उकळून काढल्या तर उपयोग नाही, पाण्यात ते उतरतात. कांद्याच्या जागी पातीचा हिरवा भाग चिरून घाला, पांढरा नको.

पोळीच्या जागी ज्वारीची, नाचणीची किंवा तांदळाची भाकरी. नाश्त्याला कांद्याशिवाय बटाटे-पोहे, घावन, उकड, इडली. रवा टाळा. अंडी, मासे, चिकन यांत फ्रुक्टोज नसतंच, फक्त वाटणात कांदा नको, कोकणातलं खोबरं-कोकमवालं घ्या. वरणाने गॅस होतो तो डाळीतल्या वेगळ्या साखरेमुळे, म्हणून या दिवसांत छोले-राजमा-वालाच्या उसळी नकोत, मुगाचं पातळ वरण बेताने चालेल.

उपासाचं काय? साबुदाणा, वरई, शेंगदाणे, दही चालतं (दूध-दही सोसत असेल तर). खजूर नाही, फळांची थाळी नाही. रताळ्याची मोठी प्लेटही नको. आणि दिवसभर काही न खाता संध्याकाळी एकदम तीन केळी आणि खजूर, हा उपास तर कुठल्याच पोटाला मानवत नाही.

चोथा कमी होऊन बद्धकोष्ठ झालं तर इसबगोल चालतं, भरपूर पाण्याबरोबर. पोट साफ होण्यासाठीचं एखादं सिरप घेताना त्यात लॅक्टुलोज किंवा सॉर्बिटॉल आहे का ते विचारा, ती दोन्ही वायू वाढवतात.

चार आठवडे नीट करूनही काडीचा फरक पडला नाही तर थांबा. फ्रुक्टोज हे तुमचं कारण नसावं, नेहमीचं खाणं सुरू करा आणि डॉक्टरांकडे परत जा. डाएट आणखी कडक करून काही निघत नाही.

पायरी ५ : एकेक परत आणा

फरक पडला तर आता कामाची पायरी, आणि लोक नेमकी हीच टाळतात कारण ‘आता बरं वाटतंय ना, कशाला’. बाकीचा आहार तसाच ठेवायचा आणि एका वेळी एकच पदार्थ, तीन दिवस, मात्रा वाढवत. फ्रुक्टोजसाठी मध सोपा: पहिल्या दिवशी अर्धा चमचा, दुसऱ्या दिवशी एक, तिसऱ्या दिवशी दीड-दोन. त्रास झाला त्या दिवशी थांबा, किती मात्रेला झाला ते लिहा. मग दोन-तीन दिवस मोकळे ठेवा आणि पुढचा पदार्थ घ्या. आंबा घ्यायचा तर एक फोड, मग दोन, मग अर्धा आंबा, जेवणासोबत. सफरचंद सगळ्यात शेवटी कारण त्यात सॉर्बिटॉलही आहे. गहू वेगळा, कांदा वेगळा, लसूण वेगळा तपासा. पावभाजी खाऊन तपासू नका, तिच्यातून काहीच सिद्ध होत नाही.

या दिवसांत लग्न, प्रवास, परीक्षा, पाळी असेल तर चाचणी पुढे ढकला. ताणाने आणि पाळीनेही पोट बिघडतं, मग आंब्यावर नाहक आळ.

शेवटी तुमच्या हातात असं काहीतरी राहतं: मध एक चमचा चालतो, आंबा पाव चालतो, सफरचंद नाही, कांदा शिजलेला थोडा चालतो, कच्चा नाही. ही तुमची यादी, दुसऱ्याच्या यादीशी जुळणार नाही. सहा महिन्यांनी पुन्हा एकदा तपासा, सोसण्याची मात्रा बदलते.

काही लोक फळाबरोबर ग्लुकोज पावडर घ्यायला सांगतात. कल्पना वर सांगितलेल्या जोडीचीच आहे आणि शोषण सुधारतंही, पण त्रास कमी होईलच असं नाही, आणि डायबेटिस असेल तर हा उद्योग नकोच. परदेशात फ्रुक्टोजचं ग्लुकोज करणाऱ्या एन्झाइमच्या कॅप्सूल मिळतात, झायलोज आयसोमरेज नावाच्या. प्रवासात, समारंभात कोणी वापरत असेल तर वापरो, पण त्यांच्या भरवशावर रोज आमरस ओरपणं मला पटत नाही. आनुवंशिक आजारवाल्यांनी तर त्या घ्यायच्याच नाहीत.

आता तो दुसरा आजार, सविस्तर

१९५६-५७ च्या सुमाराला लंडन आणि झुरिकमधल्या डॉक्टरांनी याची पहिली वर्णनं लिहिली. आई आणि वडील दोघांकडून बिघडलेलं जनुक आलं तरच आजार होतो, म्हणून नात्यातल्या लग्नात, मामाची मुलगी वगैरे, शक्यता वाढते. एका मुलाला असेल तर पुढच्या प्रत्येक बाळाला असण्याची शक्यता चारात एक. आता निदान रक्तातल्या जनुकाच्या चाचणीने होतं.

बारशाला किंवा जन्मल्या जन्मल्या मध चाटवायची पद्धत अजून बऱ्याच घरात आहे. एक वर्षाच्या आत मध कोणत्याच बाळाला द्यायचा नसतो, बॉट्युलिझमचा (जिवाणूच्या विषाने होणारा गंभीर आजार) धोका असतो, आणि या आजाराच्या बाळाला तर ते थेट विष. सासूबाई रागावल्या तर रागावू द्या. तीर्थाचं पंचामृतही नको, त्यात मध आणि साखर दोन्ही.

निदान झालेल्या मुलाच्या आहारात फ्रुक्टोज, साधी साखर आणि सॉर्बिटॉल तिन्ही जवळजवळ शून्य ठेवावी लागतात. साखर, गूळ, काकवी, मध, उसाचा रस, सगळी फळं, ज्यूस, गोड भाज्या (रताळं, गाजर, बीट, मटार, मका, कांदा, टोमॅटो) बंद. खाता येतं ते दूध, दही, पनीर, तूप, अंडी, मासे, मटण, पांढरा तांदूळ, पालकासारख्या पालेभाज्या. बटाटा, डाळी आणि गहू किती, हे मेटाबॉलिक आजार बघणाऱ्या डाएटिशियनकडून मुलाच्या वजनाप्रमाणे ठरवून घ्यायचं. गोडीसाठी शुद्ध ग्लुकोज चालतं. फळं नसल्यामुळे व्हिटॅमिन सी आणि फॉलिक अॅसिड बाहेरून लागतं, तेही साखर नसलेल्या गोळीत. आहार सांभाळला तर ही मुलं व्यवस्थित वाढतात.

घरापेक्षा जास्त लक्ष औषधांवर ठेवावं लागतं. मुलांची जवळपास सगळी सिरपं साखरेत नाहीतर सॉर्बिटॉलमध्ये असतात; केमिस्टला ‘शुगर फ्री द्या’ म्हटलं तर तो नेमकं सॉर्बिटॉलवालं देईल. प्रत्येक वेळी घटक वाचा किंवा गोळी कुटून द्यायची परवानगी डॉक्टरांकडून घ्या. ग्राइप वॉटर नको. तोंडावाटे द्यायच्या रोटाव्हायरस लशीत साखर असते, म्हणून मोठ्या भावंडाला हा आजार असेल तर सहा आठवड्यांच्या डोसआधीच बालरोगतज्ज्ञांना सांगा. जुलाबात घरचं मीठ-साखर-पाणी चालत नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं ओआरएस घ्या ज्यात लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, आणि फ्लेवरवालं असेल तर त्यात साखर किंवा सॉर्बिटॉल घातलंय का बघा. आजारपणात मुलाला फार वेळ उपाशी ठेवू नका.

शाळेच्या बाईंना लेखी कळवा, कारण वाढदिवसाची चॉकलेटं वर्गात कधीही वाटली जातात. ‘थोडंसंच दिलं’ म्हणणारे नातेवाईक असतात त्यांना एकदाच, स्पष्ट सांगा की ही अॅलर्जीसारखी गोष्ट समजा. आणि दप्तरात व आईवडिलांच्या पाकिटात डॉक्टरांच्या सहीचं एक पत्र लॅमिनेट करून ठेवा, मराठीत आणि इंग्रजीत, मोठ्या अक्षरात: या मुलाला आनुवंशिक फ्रुक्टोज इनटॉलरन्स आहे, तोंडातून किंवा शिरेतून फ्रुक्टोज, साखर, सॉर्बिटॉल, इन्व्हर्ट शुगर देऊ नये, रक्तातली साखर कमी झाल्यास शिरेतून ग्लुकोज म्हणजे डेक्स्ट्रोज द्यावं. पत्रावर रक्तगट, वजन आणि डॉक्टरांचा फोन टाका आणि दरवर्षी जूनमध्ये शाळा सुरू होताना नवीन करून घ्या.